धडक न बसल्याबाबत

सन १९९६ च्या मार्चमध्ये कन्हेरी येथे 'हसरे कुटुंब सहकारी चित्रपट निर्मिती संस्था मर्यादित' रीतसर स्थापन झाली. आमच्या भागात ऊस सहकारी, दूध सहकारी, कोंबड्यासुद्धा सहकारी. तेव्हा हसणं तेवढं खासगी क्षेत्रात राहावं, हे अध्यक्ष हिंदुरावतात्यांना पटत नव्हतं.

निमित्त झालं केबलवरच्या एका जुन्या, मुक्या कार्टूनचं. एक जाडा गवळी दुधाची किटली उचलायला वाकतो, मागून बोकड धडक देतो, गवळी दुधात पडतो, पांढराफटक होऊन उठतो आणि पुन्हा किटली उचलायला वाकतो. बस्स, एवढंच. पण माझी सहा वर्षांची सृष्टी ते बघताना इतकी हसायची, की तिच्या तोंडातला घास मला भिंतीवरून पुसावा लागायचा. कार्टून संपलं की अंगणात आमच्या भुऱ्या बोकडाबरोबर तोच खेळ. माझे सासरे, आप्पा, पायताण घालायला वाकले की भुऱ्या मागून हजर. आप्पा पडायचे, नातीकडं बघायचे आणि आणखी एकदा वाकायचे.

"ह्याचाच पिच्चर काढायचा," तात्या म्हणाले. "पण फ्यामिली पिच्चर. समद्यांनी मांडीला मांडी लावून बघावा असा."

आप्पांनी शेअरपोटी भुऱ्याच संस्थेला दिला. "काम झालं की येतोय माघारी," असं सृष्टीला सांगितलं. दिग्दर्शक म्हणून बादशाहभाई बिनविरोध निवडून आले, कारण व्हिडिओ कॅमेरा त्यांच्याकडंच होता. ते लग्नं शूट करायचे.

पहिल्या सभेपुढं एकच विषय होता : पडायचं कुणी?

गवळी पडला तर समस्त दूध उत्पादकांचा अवमान होतो, अशी हरकत आली. गवळ्याचा पोस्टमन केला, तर खजिनदारांचे जावई पोस्टात. पोस्टमनचा गुरुजी केला, तेव्हा निम्मी सभा उठून उभी राहिली. निम्म्या सभेच्या घरात गुरुजी होते.

"मग परगावचा इसम पाडू," सचिव मानसिंगनं तोडगा काढला. "इंदापूरकडचा दाखवू."

"आमी इंदापूरकडचे सभासद काय हितं पडायला आलोय व्हय?" मागल्या रांगेतून आवाज आला.

शेवटी ठराव झाला, की चित्रपटात कुणीही पडणार नाही. खबरदारी म्हणून कुणी वाकणारही नाही. किटली गवळ्याच्या हातात दोघं जण आणून देतील.

"आन् बोकड काय करणार?" बादशाहभाईंनी विचारलं.

"बोकड येईल, नमस्कार करील, जाईल. पोरांवर संस्कार नकोत का व्हायला?"

पुढं कुणाला तरी शिंगांत हिंसा दिसली, म्हणून शिंगांना रुमाल बांधले. मग चाचणीच्या वेळी भुऱ्या तात्यांच्या उजव्या हाताला उभा राहिला आणि उपाध्यक्षांच्या वाट्याला डावी बाजू आली. मान कुणाचा थोरला, एवढंच त्यांनी विचारलं. भुऱ्याची भूमिका वगळण्यात आली.

उरला चित्रपट. नियमाप्रमाणं प्रत्येक सभासद सहकुटुंब पडद्यावर दिसणं बंधनकारक होतं. बादशाहभाईंनी आपल्या हातवळणाप्रमाणं शूटिंग उरकलं : माणसं ओळीनं येत, फेटा बांधून घेत, नारळ घेत आणि कॅमेऱ्याकडं बघत उभी राहत. प्रत्येक चेहरा गुलाबाच्या पाकळ्यांतून उमलत होता. शेजारच्या लीलाबाई तर सवयीनं आहेर घेऊन आल्या.

मग शेवटची सभा झाली. 'चित्रपटास बोकडाची आवश्यकता उरली नसल्याने सदर शिल्लक मालमत्तेचा विनियोग शुभारंभाच्या स्नेहभोजनात करण्यात यावा.' ठराव एकमतानं मंजूर.

आप्पा घरी आले ते पायताण तसंच उभ्यानं झटकून आत गेले.

"तुमी पण हात वर केला, आप्पा?" मी विचारलं.

"समद्यांनी केला, योगिनी. माझाच एकट्याचा कसा खाली ठिवायचा?"

सृष्टी दारात उभी होती. "आजोबा, भुऱ्याचं काम कधी हाय?"

"रविवारी," आप्पा म्हणाले. ते खोटं बोलले असंही म्हणता येत नाही.

रविवारी दुपारी एमआयडीसीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये चित्रपट लागला. कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही. जो तो आपल्या चेहऱ्याची वाट बघत होता. स्वतः दिसला की शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचं आणि पाणी प्यायला बाहेर पडायचं.

"आई, कार्टून कधी सुरू होणार?" सृष्टीनं विचारलं. मी तिच्या केसांतून हात फिरवला. 

चित्रपट संपल्यावर सगळे बाहेर आले, तिथं चुली पेटल्या होत्या. परातींत भाकरीसाठी ज्वारीच्या पिठाचे ढीग लागले होते. भुऱ्याच्या गळ्यात हार होता. आमच्याकडं बोकडाला हळदकुंकू लावून चुलीपुढं नारळ फोडल्याशिवाय सुरी चालत नाही, आणि नारळाचा मान अध्यक्षांचा. बादशाहभाईंनी कॅमेरा लावला. चूल जमिनीवर, तेव्हा मान घ्यायला तात्यांना वाकावं लागलं.

भुऱ्याचा दोर त्या वेळी कुणाच्या हातात होता, याची कुठंही नोंद नाही.

भुऱ्या दोन पावलं मागं सरला. पुढच्याच क्षणी तात्या परातीत होते. उठले ते पांढरेफटक, मिशांसकट; नारळ मात्र हातात तसाच, अखंड. सृष्टी खिदळली. मग तात्यांच्या घरच्या म्हाळसाबाई, तोंडात पदर कोंबून. मग सगळं शेड. उपाध्यक्षांना तर हसता हसता खाली बसावं लागलं. पोरं ओरडत होती, "परत! परत!"

तात्यांनी डोळ्यांतलं पीठ पुसलं.  मी सृष्टीला जवळ ओढलं.

मानसिंग सुरी घेऊन पुढं झाला. "तात्या, आत्ता कापतो त्येला."

"थांब, येड्या. आत्ता कापला तर लोक म्हणतील, धडक दिली म्हणून कापला. म्हंजी धडक बसली, हे आपुनच कबूल केलं."

"मग उद्या कापू?"

"उद्या कापला तरी धडक आजचीच न्हाय का?"

"पण बसली न्हाय का ती?"

"कुणी बघितली?" तात्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली.

कुणीच बघितली नव्हती. उभ्या उभ्या ठराव झाला : अध्यक्ष पडलेले नसून त्यांनी पिठाची जवळून पाहणी केली. सबब न घडलेल्या घटनेबद्दल कोणत्याही बोकडास जबाबदार धरता येत नाही. त्यास मूळ मालकाकडे सोडण्यात यावे. हात सगळ्यांनी वर केले. आप्पांनी दोन्ही.

सभासद पिठलं-भाकरी खाऊन घरी गेले. चित्रपट कसा होता, विचारलं की सांगत, "मी दिसलो. जेवण साधं होतं." त्या रविवारच्या कॅसेटवर दुसऱ्या दिवशी डाळज गावचं एक लग्न शूट झालं.

भुऱ्या आता अंगणातच असतो. आप्पा रोज संध्याकाळी पायताण घालायला वाकतात, घालायचं नसलं तरी. बाकी तसं काहीच घडलेलं नाही, हे साऱ्या पंचक्रोशीला मान्य आहे. तरीही आमच्याकडं आलेला पाहुणा चपला उभ्यानंच काढतो आणि पाठ भिंतीला लावून सरकत ओसरीवर येतो. तुम्हीही या कधी. वाकलात तरी हरकत नाही, आम्ही कुणी काही बघणार नाही. आणि आत्ता तात्यांना हसलात, तेही आम्ही ऐकलेलं नाही.