छाननीत उत्तीर्ण झालेला एकमेव गृहस्थ

आमच्या घरातली एक पेटी विकायची होती. प्रकरण एवढंच होतं.

पेटी माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. दादा घड्याळजी. पेटीत तळहातावर मावेल एवढं लेथ यंत्र, एकोणीस चिमटे, चौतीस स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला लावायची तीन भिंगं आणि सहा खणांत इतके बारीक सुटे भाग, की जवळ कुणी शिंकलं तर निम्मी मालमत्ता बेपत्ता व्हावी. दादा गेला त्याला दीड वर्ष झालं. वहिनींनी दुकान बंद करून पेटी घरी आणली होती. एक दिवस ती पुसता पुसता त्या म्हणाल्या, "भावोजी, ही कुठल्यातरी चालत्या हातात जायला हवी. इथं पडून गंजेल. ते असते तर मला बोलले असते."

"मग देऊन टाकू कुणाला तरी," मी म्हणालो.

"फुकट नको. फुकट मिळालेली हत्यारं लोक माळ्यावर टाकतात. विकत घेतलेली वापरतात."

रविवारी वहिनींची मुलगी, म्हणजे माझी पुतणी आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. समोरच्याला आ वासायला लावून मग स्वतःच बोलत राहायची तिला सवय झाली आहे. तिने ऑनलाइन लिलावाची साइट उघडली, फोटो काढले, माझ्या नावाने खातं काढलं आणि चपला घालताना म्हणाली, "काका, एकच लक्षात ठेवा. पैसे खात्यात पक्के जमा झाले, असं बँकेने सांगितल्याशिवाय पेटी हलवायची नाही. बाकी काही करायची गरज नाही."

बाकी काही करायची गरज नाही! हे वाक्य मी एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणाकडून ऐकून घेतलं नाही. मी छाननी अधिकारी होतो. आलेल्या अर्जातली उणीव शोधायची आणि अर्ज परत पाठवायचा, हे माझं काम. माझ्या टेबलावरून एकही खोटा अर्ज पुढे गेला नाही. खरेही फारसे गेले नाहीत, पण त्याला इलाज नसतो.

साइटवर फसवणूक टाळण्यासाठी सात सूचना होत्या. अनोळखी माणसाला घरी बोलावू नका, रोख घेऊ नका, खरेदीदाराची ओळख पटवून घ्या, वगैरे. वाचून मला साइटची कीव आली. सात सूचनांनी काय होणार? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तेवीस कलमांची नियमावली, खरेदीदाराने भरायचा अकरा पानी नमुना आणि सोबत जोडायच्या कागदपत्रांची यादी तयार केली. नमुना तीन प्रतींत. वहिनींनी चष्मा लावून यादी वाचली.

"भावोजी, पेटी विकायची आहे की दत्तक द्यायची आहे?"

मी तिन्ही प्रतींना टाचण्या लावल्या. हे छाननी न झालेल्यांचं बोलणं असतं.

लिलाव आठवडाभर चालला. अठरा हजारांची सर्वांत वरची बोली लावली एका म्हाताऱ्या घड्याळजींनी. त्यांच्या खालोखाल साडेसतरा हजारांवर 'प्राचीन कालमापन यंत्र संवर्धन संस्था' होती. नियमाप्रमाणे मी घड्याळजींना साइटवरून नमुना पाठवला. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी अर्ज आला, एकाच प्रतीत, आणि अकरापैकी सात पानं कोरी. 'व्यवसाय सिद्ध करणारा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. दाखला कुणाकडून आणू, घड्याळांकडून?'

मी अर्ज त्रुटीसह परत केला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दाखल्याच्या जागी त्यांच्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांची चिठ्ठी होती, की शाळेची घंटा यांच्या घड्याळावर वाजते. पण आता सही जुळत नव्हती. पहिल्या अर्जातल्या सहीचं शेपूट उजवीकडे, दुसऱ्यातल्या सहीचं खाली. मी विचारणा केली. उत्तर आलं, 'साहेब, वय झालं. पेन हातात घेतलं की हात थरथरतो. चिमटा घेतला की थांबतो.'

असा खुलासा कोणत्या नियमात बसतो, हे मी पुन्हा पुन्हा शोधलं. बसत नव्हता.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ, खांद्याला कापडी पिशवी, सदऱ्याच्या खिशात भिंग. "मी घड्याळजी," ते म्हणाले. "तुमच्या कागदांपुढे मी हात टेकले हो. म्हटलं, स्वतःच जाऊन यावं. चार तास लागले बसने. पैसे आणलेत, मोजून घ्या. पेटी बघायला मिळेल का?"

मी कलम नऊ वाचून दाखवणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांना आत घेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि पेटी समोर ठेवली.

त्यांनी पेटी उघडली आणि सहाही खण एकेक करून ओढून पाहिले. मग एक चिमटा उचलला, भिंग लावलं, टोक उजेडात धरलं. हात खरोखरच थांबला होता.

"ज्यांची पेटी, ते डावखुरे होते का?" त्यांनी विचारलं.

वहिनी चमकल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"टोक उलट्या अंगाने झिजलंय. आणि किती बेताने घासून घेतलंय बघा! एकाही चिमट्याला गंज नाही. माणूस जिवाला जपावं तसं हत्यारांना जपत होता." त्यांनी चिमटा जिथून उचलला होता तिथेच, त्याच खाचेत परत ठेवला. "आमच्याकडे आता दोघी मुली शिकताहेत माझ्या हाताखाली. एक डावखुरी आहे. तिला साजेसं हत्यारच मिळत नाही. म्हणून एवढी बोली लावली."

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही थोडा हललो होतो, नाही असं नाही. पण छाननी अधिकाऱ्याने अशा वेळीच सावध राहायचं असतं. मी नियमावली उघडली.

"कलम नऊप्रमाणे समक्ष भेट निषिद्ध आहे. कलम बाराप्रमाणे रोख रक्कम घेता येत नाही. सहीतली तफावत कायम आहे. आणि चिमटा बघून मालकाचा हात ओळखणं हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही."

"भावोजी!"

"वहिनी, फसवणारी माणसं अशीच असतात. प्रामाणिक दिसतात."

म्हाताऱ्यांनी भिंग खिशात ठेवलं. रागावले नाहीत. वहिनींना नमस्कार करून म्हणाले, "पेटी चांगल्या घरी होती बाई." मग पिशवी खांद्याला लावली आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले. मी दार लावून दोन्ही कड्या घातल्या आणि त्यांचा अर्ज निकाली काढला.

आता पाळी संस्थेची. काय सांगू तुम्हाला! नमुना सकाळी पाठवला, दुपारी भरून परत. तीन प्रतींत. एकही रकाना रिकामा नाही. जिथे लागू नाही तिथे 'लागू नाही' असं लिहिलेलं. अकरा पानांवर अकरा सह्या, सगळ्या केसाचाही फरक नसलेल्या. नोंदणी प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, संचालकांचा फोटो, दोन प्रतिष्ठितांच्या शिफारशी आणि मी न मागितलेलं चारित्र्य प्रमाणपत्र. त्यावर गोल शिक्का! इतका नेटका शिक्का मी आमच्या खात्यातही पाहिला नव्हता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या अर्जात मला त्रुटी सापडली नाही. मी तो अर्ज दोनदा वाचला, दुसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी.

"एवढं सगळं तयार कुणाकडे असतं?" वहिनींनी विचारलं.

"शिस्त असते त्याच्याकडे."

दोन दिवसांनी संस्थेचा बँक ड्राफ्ट आला. साडेसतरा हजारांच्या ऐवजी सत्तावीस हजारांचा. मी हबकलो. पण त्यासोबत संचालकांचं पत्र होतं. 'आमच्या लिपिकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे जादा रक्कम आपणांकडे पाठवली गेली. आपण ती परत कराल, अशी नम्र अपेक्षा आहे.' आणि जोडपत्र म्हणून, त्या लिपिकाला दिलेल्या कारणे दाखवा नोटिशीची प्रत.

माझे डोळे पाणावले. जगात अजून अशी कार्यालयं आहेत! मी ड्राफ्ट बँकेत भरला, खात्यावर सत्तावीस हजार दिसू लागले, आणि मी ताबडतोब साडेनऊ हजार परत पाठवायला निघालो. तेवढ्यात पुतणीचा फोन.

"काका, थांबा. ड्राफ्ट वटला का? खात्यात दिसणं म्हणजे जमा होणं नव्हे. बँकेला विचारलंत का?"

"अगं, जादा पैसे आहेत ते!"

"मग राहू द्या की चार दिवस."

हिला काय कळणार? आमच्या कार्यालयात एकदा रोकड पेटीत सव्वातीनशे जास्त निघाले होते. कमी निघाले असते तर कुणीतरी भरून टाकले असते आणि विषय संपला असता. जास्त निघाले, म्हणून चौकशी बसली, ती पाच वर्षं चालली आणि दोघांच्या बढत्या गेल्या. तेव्हापासून जादा रक्कम बघितली की माझी पाचावर धारण बसते. मी साडेनऊ हजार त्याच दिवशी परत पाठवले आणि स्वतंत्र पत्राने कळवलं, की लिपिकाची ही पहिलीच चूक असल्यास सहानुभूतीने विचार व्हावा.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस पेटी न्यायला आला. गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात तिरंगी पावत्यांचं पुस्तक. पेटी घ्यायच्या आधी त्याने माझ्याकडेच ओळखपत्र मागितलं. मागे उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "मला त्याच्या हातात एकदा चिमटा देऊन बघू द्या." मी त्यांना आत पाठवलं. तो पेटी खांद्यावर उलटी टाकून जिना उतरला. आतले खण खुळखुळलेले मला वरपर्यंत ऐकू आले.

सोमवारी बँकेतून बोलावणं आलं. ड्राफ्ट बनावट. ज्या शाखेचा होता, ती शाखाच अस्तित्वात नव्हती.

"पण शिक्का गोल होता," मी म्हणालो.

बँकेतल्या बाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला.

घरी येऊन मी वहिनींना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पेटीच्या रिकाम्या जागेजवळ जाऊन बसल्या. "पैशांचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांचे चिमटे आता भंगारात गेले असतील. ते शिकणाऱ्या पोरीच्या हातात जायचे होते. तिचा गुरू चार तास बसने आला होता, आणि तुम्ही त्याला दाराबाहेर घालवलंत."

म्हणून मी तक्रार करायला गेलो. चौकीतल्या हवालदारांनी माझी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि आदराने म्हणाले, "काका, इतके पूर्ण कागद मी आजवर बघितले नाहीत. यात फसवणूक कुठे आहे ते दाखवा."

"ती झाली आहे!"

"झाली असेल हो. पण कागदांत दिसत नाही. त्या साइटवर आधी तक्रार टाका आणि त्यांचा क्रमांक आणा. मग बघू."

साइटवर तक्रारीचं बटण होतं. ते दाबलं की खिडकी उघडायची, 'तक्रारीपूर्वी कृपया दोन्ही बोलीदारांबाबतचा आपला अनुभव नोंदवा.' प्रश्न सहा. उत्तर फक्त हो किंवा नाही. खाली ठळक अक्षरांत, की उत्तरं सत्य असावीत. मी फॉर्मात कधी खोटं लिहिलेलं नाही आणि या वयात लिहिणारही नाही. संस्थेने वेळेत प्रतिसाद दिला का? हो. कागदपत्रं पूर्ण होती का? हो. भाषा नम्र होती का? हो. रक्कम मागणीइतकी किंवा त्याहून अधिक पाठवली का? हो, अधिक. माल ठरल्या दिवशी उचलला का? हो. व्यवहारात काही अनियमितता दिसली का? व्यवहार चालू असताना, नाही. मग म्हाताऱ्यांबाबत तेच सहा प्रश्न आले. वेळेत प्रतिसाद? नाही. कागदपत्रं पूर्ण? नाही. पुढचंही मी खरंखरं लिहिलं, अनियमितता दिसली हेसुद्धा. बटण दाबलं. संस्थेच्या नावापुढे पाच तारे उमटले. घड्याळजींच्या नावापुढे एक.

वहिनी मागे उभ्या होत्या. "त्या चोराला पाच?"

"मी नाही दिले वहिनी. उत्तरांचे झाले."

तक्रार क्रमांक मिळाला आहे. चौकशी चालू आहे. घड्याळजींना माफीचं पत्र लिहावं असं रोज मनात येतं, पण साइटने त्यांचं खातं एका ताऱ्यामुळे बंद केलं आहे, आणि पत्ता त्यांनी अर्जात अपुरा लिहिला होता. संस्था मात्र उत्तम चालली आहे. परवाच त्यांनी तिथे एक जुनी पेटी लिलावाला लावली, हत्यारांसकट. तुम्हालाही काही घ्यायचं असेल, तर तुम्ही आधी तारेच बघाल, आणि ते बघून तुमचं मन निश्चिंत होईल. त्यांतले पाच मी दिलेले आहेत, आणि बाकीचे तुमच्यासारख्याच सावध माणसांनी.