धर्म : नंतर ठरवू

"रकाना रिकामा चालत नाही, बाई. हे बघा, लाल होतंय."

जन्मनोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाने संगणकाचा पडदा नर्सबाईंकडे वळवला. मुलीचे नाव, वजन, जन्मवेळ, सगळे बिनबोभाट हिरवे झाले होते. 'धर्म' या रकान्याभोवती मात्र लाल चौकट लुकलुकत होती.

"होऊ दे लाल," नर्सबाई म्हणाल्या. "मी एका धर्माची, हा दुसऱ्या धर्माचा. लग्नाआधीच ठरलंय आमचं. पोरगी अठराची झाली की तिचं ती ठरवेल."

"मग तोवर बापाचा लिहू?"

"का? नऊ महिने बापाने वागवली का?"

"बरं, आईचा लिहू?"

"आणि ह्याने काय गुन्हा केलाय?"

'हा' म्हणजे बाईंचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना 'घाबरू नका, काढतो बाहेर' असे सांगण्यात त्याची हयात गेली होती, पण इथे तोच अडकला होता. मागे रांग चुळबुळत होती. बाईंची रजा रविवारी संपत होती आणि पाळणाघरवाल्या दाखल्याशिवाय मुलीला घ्यायला तयार नव्हत्या.

"'इतर' असं एक आहे," कारकून कपाळ पुसत म्हणाला. "पण 'इतर'च्या पुढे काय ते लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिहा हो, नंतर ठरवू!" लिफ्टवाला वैतागून म्हणाला.

कारकुनाने अक्षरशः तेच लिहिले. चौकट हिरवी झाली. दाखला मिळाला, पाळणाघर मिळाले, आणि बाई सोमवारी वेळेवर कामावर गेल्या.

तीन महिन्यांनी धर्मव्यवहार विभागाचे पत्र आले. 'आपल्या "नंतर ठरवू" या समाजाची नोंद झाली आहे. अनुयायी : एक. समाजाच्या प्रतिनिधीने सलोखा समितीच्या बैठकीस उपस्थित राहावे. गैरहजर राहिल्यास नोंद रद्द होईल.'

"होऊ दे की रद्द. सुटलो!" लिफ्टवाला म्हणाला.

"नोंद रद्द म्हणजे दाखला रद्द. दाखला रद्द म्हणजे पाळणाघर बंद. मग काय, पोरीला काखोटीला मारून लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार आहेस?"

त्याच दिवशी दोन्ही आजोबांचे फोन आले. लग्नापासून दोघे व्याही एकमेकांशी बोलत नव्हते. "सांगत होतो की नाही? आमचा लिहिला असतात तर ही वेळ आली नसती!" असे दोघेही म्हणाले. एवढ्या एका बाबतीत त्यांचा शब्दन् शब्द जुळला.

लिफ्टवाल्याचा धीर सुटला. "लिहून टाकू या का कुठला तरी?"

"कुठला तरी? धर्म आहे तो, छत्री नाही, दिसली ती उचलायला. मी जाणार बैठकीला."

बाई मुलीला घेऊनच गेल्या. दारावरच्या पहारेकऱ्याने अडवले. "लहान मुलांना आत सोडत नाहीत."

"मग समाजच बाहेर राहील," बाई म्हणाल्या. "मी नुसती त्याची आई आहे."

पहारेकरी बाजूला झाला.

आत नऊ समाजांचे नऊ प्रतिनिधी बसले होते आणि त्यातले दोघेच बोलत होते. एक उंच होते, दुसऱ्यांचा चष्मा जाड होता. विषय ऐकून बाईंनी कान टवकारले. त्यांच्याच रुग्णालयातल्या प्रार्थनेच्या खोलीचा तो विषय होता. खोली सगळ्या धर्मांसाठी बांधली होती, खुर्च्याही आल्या होत्या, पण संध्याकाळी सहा ते सात हा तास कोणाचा यावर घोडे अडले आणि दोन वर्षे दाराला कुलूप होते. भेटायला येणाऱ्यांना तीच वेळ सोयीची. रोज त्या वेळी औषधांचा ट्रे घेऊन बाई जिना चढायच्या, तेव्हा डोळे मिटून पायऱ्यांवर बसलेल्या नातेवाइकांच्या मधून वाट काढावी लागायची.

"तो तास त्यांना दिलात तर आम्ही समिती सोडू!" उंच प्रतिनिधी गरजले.

"यांना दिलात तर आम्ही आत्ताच उठतो!" जाड चष्मेवाले अर्धे उठलेही.

"तो तास आम्हाला द्या," नर्सबाई म्हणाल्या.

सगळे वळून बघू लागले.

"तुमचे अनुयायी किती?" अध्यक्षांनी विचारले.

"एक. ही बघा."

समाज त्या वेळी उंच प्रतिनिधींचे टिपण चघळत होता.

उंच प्रतिनिधींनी ओले टिपण सोडवून घेतले, मुलीकडे पाहिले, मग जाड चष्म्याकडे पाहिले. त्यांच्या हातात तास जाण्यापेक्षा दात न आलेल्या पोरीच्या हातात गेलेला काय वाईट! "सर्वांत लहान समाजाला आधी संधी मिळावी, असं माझं नम्र मत आहे," ते म्हणाले.

"मी हेच म्हणणार होतो," जाड चष्मेवाले घाईने म्हणाले.

ठराव एकमताने झाला. समितीच्या चिटणिसाने 'एकमताने' हा शब्द पहिल्यांदाच लिहिला.

चार दिवसांनी कारकुनाचा फोन आला. "बाई, आनंदाची बातमी! नवा हुकूम निघालाय, रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. कोरा करून टाकू?"

"खबरदार हात लावाल तर! समाज मोडला तर तास जाईल."

"अहो, पण आधी तुम्हीच तर..."

"आधी माझ्याकडे खोलीची किल्ली नव्हती."

पहिल्या संध्याकाळी बाईंनी कुलूप काढले आणि दारावर पुठ्ठा लावला : 'सहा ते सात. कोणीही यावे.' जिन्यावरची माणसे एकेक करून आत आली. थोड्या वेळाने उंच प्रतिनिधी पाहणीला आले, आणि ते आले म्हणून जाड चष्मेवालेही आले.

"आमच्यासारख्यांना आत यायला काही अट?" उंच प्रतिनिधींनी सावधपणे विचारले.

"काही नाही. बसा."

दोघे बसले. मध्ये एक म्हातारी होती. तिच्या नवऱ्याला नुकतेच शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते. एकाने आपली प्रार्थना सुरू केली. दुसऱ्याने आपली जरा वरच्या सुरात लावली. पहिल्याने आवाज चढवला. दुसरा कसा मागे राहील?

म्हातारीने डोळे उघडले. "काय हो, तुमच्या देवांना ऐकायला कमी येतं का? माझा बिचारा हळू बोलतो. त्याचं जरा ऐकू द्या मला."

दोघेही चूप झाले. बऱ्याच वेळाने जाड चष्मेवाले तिच्याकडे वाकून कुजबुजले, "काय म्हणाला?"

"अजून काही नाही. थांबा."

उंच प्रतिनिधींनी आपली खुर्ची आवाज न करता थोडी जवळ ओढली, आणि दोघेही थांबले.