धोंडोपंत साळिंदराचा आगाऊ निरोप

एका जंगलात, मुलांनो, पाणवठा एकच होता आणि पिणारे भरपूर. तरी सगळं सुरळीत चालायचं, कारण काठावर भागूआत्या टिटवी बसायची. सकाळी ती ओरडायची, "चितळं या!" चितळं यायची. दिवस कलला की ओरडायची, "वाघोबा या!" वाघोबा यायचे. दोघांची गाठ कधी पडत नसे. यापलीकडे त्या जंगलात कारभार असा नव्हता आणि त्याची कुणाला चुटपुटही नव्हती.

मग सिंहमहाराज शेजारच्या जंगलात परिषदेला गेले. परिषदेला गेलेला राजा रिकाम्या हाताने थोडाच परततो! महाराज 'जलसुलभ' नावाची संगणकप्रणाली घेऊन आले. सोबत ती बसवून देणारा सल्लागार कोल्हाही आला. आता प्रत्येकाला मोबाइल मिळणार होता आणि पाण्याची वेळ त्यावर दिसणार होती. भागूआत्याला ओरडायची बंदी झाली. सोमवारचा मुहूर्त ठरला.

ही गोष्ट सर्वांना कळवायचं काम धोंडोपंत साळिंदरांकडे आलं. हे दरबारातले कारकून. भिडस्त, पण कामाला चोख.

नवं वेळापत्रक पाहून धोंडोपंतांच्या अंगावर काटा आला, म्हणजे होते ते सगळे उभे राहिले. प्रणालीने वेळा उलट्या केल्या होत्या. सोमवारपासून सकाळी वाघोबा, संध्याकाळी चितळं. असं का? तर प्रणालीला तसं वाटलं.

धोंडोपंतांच्या बिळाशेजारी चांगुणा चितळीण राहायची. तिला नुकतंच पाडस झालं होतं. अजून चार पावलं टाकली की कोलमडायचं. ते सवयीप्रमाणे आईबरोबर सकाळी पाण्यावर गेलं आणि समोर वाघोबा उभे राहिले तर? धोंडोपंतांना घास गोड लागेना.

त्यांनी लगेच एका पानावर लिहिलं, "सोमवारपासून चितळांनी सकाळी येऊ नये, संध्याकाळी यावे. सकाळी वाघ येईल." ते पान घेऊन ते संवाद नियोजन समितीकडे गेले. अध्यक्ष होते ऐरावतकरसाहेब, म्हणजे हत्ती.

"धोंडोपंत, हे फार कोरडं वाटतं हो," साहेब म्हणाले. "आधी महाराजांचं मनोगत हवं."

"साहेब, सोमवार चार दिवसांवर आलाय."

"म्हणूनच म्हणतो, घाई नको."

कोल्ह्याने चष्मा पुसला. "आणि 'वाघ येईल' हा सूर नकारात्मक आहे. 'नव्या सहकाऱ्यांशी भेटीची संधी' असं लिहा."

मग योजना तयार झाली. तिचे चार टप्पे होते: जागृती, कुतूहल, स्वीकार आणि आनंद. धोंडोपंतांची ओळ आनंदात बसवली. आनंदाचा टप्पा सोमवारनंतर तीन आठवड्यांनी होता.

पहिल्या टप्प्यात झाडाझाडावर फलक लागले, "बदल माझा, मी बदलाचा!" बाकीची माहिती जलसुलभवरच मिळणार होती. जलसुलभ उघडायला पासवर्ड लागायचा. पासवर्ड जलसुलभवर पाठवला होता.

"मग तो वाचायचा कसा?" धोंडोपंतांनी भीतभीत विचारलं.

"वापराने सवय होईल," कोल्हा म्हणाला.

शेवटी एक नियम होता. तोंडी कुणी कुणाला काही सांगायचं नाही, त्याने अफवा पसरतात.

धोंडोपंतांनी आयुष्यात नियम मोडला नव्हता. रविवारी मोडला. चांगुणाच्या झुडपाशी जाऊन ते हळूच म्हणाले, "चांगुणाबाई, उद्यापासून सकाळी जाऊ नका. संध्याकाळी जा. आणि माझं नाव घेऊ नका."

"देव तुमचं भलं करो, पंतभाऊ," चांगुणा म्हणाली आणि तिने साऱ्या कळपाला सांगितलं. धोंडोपंतांना फार बरं वाटलं. इतकं बरं त्यांना बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पाणवठा रिकामा होता. चितळं आली नाहीत. आणि मुलांनो, वाघोबाही आले नाहीत! त्यांच्याही मोबाइलवर जलसुलभ उघडलं नव्हतं. त्यांनी फलक दोनदा वाचला, काही बोध झाला नाही, तेव्हा ते कूस बदलून झोपले. दिवस कलल्यावर उठले आणि इतकी वर्षं जात होते तसे पाण्यावर गेले.

चितळं तिथेच होती. पाडस पहिल्यांदाच पाण्याला तोंड लावत होतं. मुद्दाम बघायला आलेल्या धोंडोपंतांना पलीकडचं गवत हललेलं दिसलं, पण त्यांनी काटे फुलवून अंगाचा गोळा केला.

ओरडली ती भागूआत्या. बंदी झुगारून अशी ओरडली की जंगल हादरलं. कळप उधळला. चांगुणाने पाडसाला ढुशी देऊन पुढे ढकललं.

पाडस वाचलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मलाच पुढे लिहवणार नाही. चांगुणाची अर्धी शेपटी मात्र गेली.

मंगळवारी चौकशी झाली. कोल्ह्याने आलेख दाखवला. योजनेप्रमाणे ज्यांना काहीच कळलं नव्हतं, ते सगळे सुखरूप होते. इजा फक्त माहिती मिळालेल्यांना झाली होती.

"वाघोबांनाही सांगायला हवं होतं," धोंडोपंत पुटपुटले.

"मग का नाही सांगितलंत?" ऐरावतकरसाहेबांनी विचारलं.

वाघाच्या दारात जाण्याचा विचार धोंडोपंतांच्या मनाला शिवलाही नव्हता. खरं तर समितीतही तो कुणाच्या मनाला शिवला नव्हता, पण चौकशी काही समितीची नव्हती. धोंडोपंत निलंबित झाले, भागूआत्याला नोटीस मिळाली आणि योजनेला महाराजांचं सुवर्णपदक.

बिळाकडे परतताना धोंडोपंतांना चांगुणा भेटली. ते तिच्याकडे बघू शकेनात.

"शेपटीचं मनाला लावून घेऊ नका, पंतभाऊ," ती म्हणाली. "तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी तुम्हाला काही कळलं ना, तर आम्हाला सांगू नका."

तात्पर्य: निरोप सगळ्यांना सांगितला तर काम होतं, अर्ध्यांना सांगितला तर अपघात होतो आणि कुणालाच सांगितला नाही तर पदक मिळतं. तेव्हा मुलांनो, मोठेपणी कुठे नोकरीला लागलात, तर फलक मात्र वेळेवर लावा.