सरळ बोळात हरवलेला वीर

ताई येणार म्हणून हेडक्लार्कसाहेबांनी पंखे पुसायला घ्यायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी जुना व्हिडिओ गेम लावला, आणि सगळं तिथेच बिघडलं.

ताई फोनवर म्हणाली होती, "लेकीकडे कायमची चाललेय रे. जाण्याआधी एक दिवस येते. आपल्या त्या गेममधल्या गावात मला एकदा फिरवून आण."

काय गाव होतं ते! कुणाची हरवलेली कोंबडी शोधा, तळ्यावर गळ टाकून बसा, जगबुडी थांबवायचीय हे खुशाल विसरून जा. बहीणभावाच्या किती सुट्ट्या त्या तळ्याकाठी गेल्या. खेळ एकदाचा जिंकल्यावर वेशीचं दार मात्र दोघांनी पुन्हा कधी ओलांडलं नाही. कारण गेमचा उत्तरार्ध म्हणजे नुसता सरळसोट बोळ. राक्षस, दार, राक्षस, दार. (लग्नानंतर आयुष्याचंही असंच होतं, असं साहेबांचं मत होतं. ते फक्त ऑफिसातच मांडत.)

"नुसतं डोकावून बघतो," म्हणत साहेब वेशीबाहेर पडले. मागे दार धाडकन बंद! शहाण्या गेमने तेवढ्यात जुना खेळ पुसून नवा जपून ठेवला. गाव गेलं ते गेलंच. आता शेवटचा राक्षस मेला तरच ते पुन्हा उघडणार होतं.

साहेब घामाघूम होऊन लढले. पहिला राक्षस पडला. मग बोळ तुडवत ते एका भल्यामोठ्या दारापाशी पोचले आणि दुपारभर त्यावर तलवार आपटत बसले.

"अहो," बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ह्याच दारातून बोळात आलात ना?"

साहेबांनी निरखून पाहिलं. तेच दार. लढाईच्या गडबडीत तोंड फिरलं होतं आणि वीर उलटा चालत आला होता.

"ह्या बोळात चुकायला जागाच नाही हो!"

"म्हणूनच लक्षात आलं नाही," साहेब म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. ताई आत आली, तिने टीव्हीच्या पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "गाव कुठंय?"

"आणतो परत! लढाया तेव्हाही मीच करायचो ना."

"तू?" ताईने बॅग सोफ्यावर टाकली. "सरक तिकडे."

चष्मा पुसून ती जी बसली, ती राक्षसांमागून राक्षस लोळवत थेट बोळाच्या टोकाला. शेवटचा राक्षस कोसळला आणि समोर गाव! तीच कौलं, तेच तळं. ताईने गळ टाकला. डोळे पुसले.

शेवटी साहेबांनी घसा खाकरला. "मग... तेव्हा मी काय करायचो गं?"

"तू टेबलाखाली बसायचास. मधूनमधून विचारायचास, 'मेला का?'"

"अय्या वन्सं," बायको म्हणाली, "झुरळ निघालं की अजूनही हेच विचारतात. फक्त आता पलंगावर उभे राहतात."