साबळेसरांची वरची हवा

आमचे शेजारी साबळेसर कोणाला नमस्कार करत नाहीत. माणूस दिसला की आभाळाकडे बोट दाखवून विचारतात, "वरची हवा पायली काय?" गल्लीत नवीन आलेली माणसं बिचकतात. त्यांना वाटतं, भूतबाधेचं काही असावं.

सर अकोल्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना उपग्रहाचं वेड लागलं. उपग्रह वरून जाताना हवेच्या थराथराची उष्णता आणि ओल टिपतो. ते आलेख सर रोज दुपारी लॅपटॉपवर बघतात. "ढग पाहून काय समजते? ढग म्हणजे निकाल. मी पेपर पाहून राह्यलो! खाली कढई तापली अन् वर फ्रीज उघडा, का गारा!"

मार्चमध्ये माझ्या पुतणीचं लग्न होतं नांदगाव खंडेश्वरला, शाळेच्या मैदानात मांडव टाकून. पंगत बसणार, एवढ्यात सर उघडा लॅपटॉप घेऊन स्टेजवर चढले आणि माइक हिसकावला.

"पंगत शाळेच्या हॉलात न्या. गारा येतेत!"

आभाळ स्वच्छ निळं. नवरदेवाचे वडील तडकले. "मास्तर, ढग कुठी हाय?"

"ढग आल्यावर काय सांगू? पळून जायाले टाइम नाही पायजे काय?"

असं म्हणून सर नवरदेवाच्या खुर्चीत बसले ते उठेचनात. शेवटी त्यांना हलवण्यापेक्षा पंगत हलवणं सोपं पडलं. लोक वरणाच्या गंज-पातेल्यांसकट, सरांना शिव्या घालत हॉलात गेले.

थोड्याच वेळात आभाळ भरून आलं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळल्या. मांडव भुईसपाट. माणसं सगळी सुखरूप. नवरदेवाचे वडील स्वतः ताट वाढून सरांना शोधत फिरू लागले.

सर मला मागच्या व्हरांड्यात सापडले. फोनवर कोणाला तरी सांगत होते, "तिकडंही गारा येऊन राह्यल्या. बागेत जाऊ नको." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

"लहाना भाऊ," ते मला म्हणाले. "शेंदूरजनाघाटले संत्र्याचा बगीचा हाय त्याचा. हिस्से झाल्यापासून बोलत नाही माह्याशी. पण फोन उचलते. उचलला, का समजायचं ऐकलं."

तेवढ्यात फोन वाजला. नाव भावाचं. सरांनी ते मला दाखवलं. "उचला ना!" मी म्हटलं. पत्र्यावर गारांचा धडधडाट चाललेला, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"दादा," पलीकडून आवाज आला, "बगीचाचं पाहू मंग. तू कुठी हायस? आत हायस ना?"

वरच्या हवेवर तासभर बोलणाऱ्या माणसानं नुसती मान हलवली. ती भावाला कशी दिसणार? शेवटी मीच फोनजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "हो, आत हायेत. जेवाले बसून राह्यले."