आधी बाईंनी घ्यावी

"आधी बाईंनी घ्यावी," असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हटलं आणि भूगोलाच्या बाई कात्रीत सापडल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यायला शाळेत सिस्टर आल्या होत्या आणि नववीतली एक मुलगी जागची हलेल तर शपथ. लशीमुळे पुढे मुलं होत नाहीत, असं कुणाच्या तरी वहिनीने छातीठोकपणे सांगितलं होतं. समजावून समजावून बाईंचा घसा बसला होता. त्यांचा खरा जीव मात्र खिडकीशी हाताची घडी घालून बसलेल्या आपल्या भाचीत अडकला होता. तिची आई, म्हणजे बाईंची धाकटी बहीण, याच आजाराने गेली. भाचीने लहानपणी पाहिलं ते एवढंच, की दवाखान्यात आईला सुया टोचतात आणि आई दर वेळी आणखी खंगून घरी येते. एकदा ती आलीच नाही.

तुमचं वय या लशीचं नाही, पण मुलींना तसं स्पष्ट सांगून तुम्हाला धनुर्वाताचं इंजेक्शन देते, असं सिस्टर म्हणाल्या. बाईंनी मान डोलावली. बहीण गेल्यापासून सुई दिसली की आपले पाय लटपटतात, हे सांगायची ती वेळ नव्हती. त्यांनी ऐटीत बाही वर सारली. सिस्टरांनी दंडावर ओला कापूस फिरवला आणि बाई खुर्चीसकट आडव्या झाल्या.

बघता बघता वर्ग रिकामा झाला. बातमी शाळेच्या फाटकापर्यंत गेली तेव्हा तिच्यात बाई बेशुद्ध होत्या, ती चौकात पोचेपर्यंत अत्यवस्थ झाल्या. मुख्याध्यापकांना शेजारच्या शाळेतून सांत्वनाचा फोन आला, तेव्हा त्यांनी सवयीने आभारही मानले.

डोळे उघडले तेव्हा बाईंना रडू आवरेना. सगळं आपणच मातीत घातलं होतं. मुलींपैकी समोर फक्त भाची उभी होती, पांढरीफटक.

"मावशी, तू उठलीस," ती म्हणाली. "आई उठली नव्हती."

खोटं बोलून तिला तयार करणं बाईंच्याने होईना. "अगं, मला सुई लागलीच नाही. नुसता कापूस लागला. आणि आई सुयांनी नाही गं गेली. त्या तिला वाचवायलाच होत्या. आपल्यालाच उशीर झाला."

भाचीने डोळे पुसले. मग ती सिस्टरांपुढच्या स्टुलावर जाऊन बसली आणि तिने बाही वर केली. सिस्टरांनी सुई हातात घेतली.

"सिस्टर, थांबा जरा," ती म्हणाली. "आधी मावशीला आडवं करा."