अण्णांची मेणबत्ती

अण्णा त्या थडग्यावर पालथे पडले ते उठेनात. मला वाटलं, आटोपलं. सुरेश "अण्णा! अण्णा!" करत धावला, त्याच्यामागे पाद्री. मी पायरीवर बसून घेतलं. माझे गुडघे धावायचे राहिलेले नाहीत.

अण्णा म्हणजे इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या आमच्या शेजारच्या सुरेशचे वडील. बायको गेल्यावर मुलाकडे आले. कुठलंही चर्च त्यांना देऊळच. बाहेर बर्फ असो, दाराशी बूट काढणार. आत घंटा नसते, म्हणून दोन टाळ्या वाजवणार. "देवाला कळायला नको, कोण आलंय ते?" प्रार्थना चालू असली तरी टाळ्या! सुरेश कुजबुजायचा, "अण्णा, प्लीज! लोक बघतायत."

त्या रविवारी सुरेशने अण्णांना आणि मला ड्राइव्ह करून एक जुनं चर्च दाखवायला नेलं. पिळाचे खांब, जिकडेतिकडे सोन्याचा मुलामा, छताला पंखवाली पोरं. अण्णा वर बघत म्हणाले, "वहिनी, एवढी पोरं उघडी टांगलीत. एकाला तरी झबलं?"

"गप बसा. पाद्री बघतोय."

खाली तळघरात एका बड्या घराण्याची थडगी होती. अमेरिकेत राजे नसतात म्हणे, पण ही माणसं मेल्यावरही राजासारखी निजली होती, संगमरवरात. अण्णा पुतळ्यांची नाकं बघत फिरले. "हा आजा, हा नातू. नाक तेच." मग आईबापाच्या मध्ये हातभर लांबीचा दगड दिसला.

"हे कोण रे?"

"बेबी आहे, अण्णा. थोड्याच दिवसांची. एमिली नाव."

"एवढीशीला नाव?" म्हणाले आणि कोसळले.

मेले नव्हते. रडत होते. उठवून पाणी पाजलं, तर म्हणाले, "एक मेणबत्ती लावायचीय. विचार पाद्रीबुवांना."

पाद्री म्हणाला, लावा की. कुणासाठी प्रार्थना करू? नाव काय?

"आईचं नाव सांगू ना, अण्णा?"

"नको. तिला नाव नाही. बारशाआधीच गेली. तान्ह्या पोराला आपल्यात जाळत नाहीत. मीच पुरलं ओढ्याकाठी. वर दगडसुद्धा ठेवला नाही. पुढे तो काठच वाहून गेला."

"कोण गेली, अण्णा?"

"तुझी बहीण."

सुरेशने पाद्रीला काय सांगितलं, मला कळलं नाही. मेणबत्ती सुरेशनेच लावली. काडी दोनदा विझली.

जुळी होती, अण्णांनी परतताना सांगितलं. मुलगी गेली, सुरेश जगला.